ग्रामीण रुग्णालयातील रुग्णसुरक्षा : विदर्भातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत (पीएचसी) आणि ग्रामीण रुग्णालयांत मी अधिपरिचारिका व पुढे परिसेविका म्हणून काम केले. रुग्ण कल्याण समितीचे सदस्य, आशाताई, नव्याने रुजू झालेल्या परिचारिका आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, ते येथे उत्तरांसह दिले आहेत. उत्तरे समजून घेण्यासाठी आहेत. एखाद्या रुग्णाच्या उपचाराचा निर्णय त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

रुग्णसुरक्षा म्हणजे नेमके काय? चांगला डॉक्टर मिळाला की ती आपोआप येत नाही का?

आजारामुळे होणारा त्रास वेगळा आणि उपचार करताना एखादी पायरी चुकल्यामुळे रुग्णाला होणारी इजा वेगळी. ही दुसऱ्या प्रकारची इजा टाळण्यासाठी जे काही केले जाते, त्याला रुग्णसुरक्षा म्हणतात. डॉक्टरांनी केसपेपरवर अचूक औषध लिहिले तरी ते औषध रुग्णापर्यंत पोहोचेपर्यंत औषधनिर्माता, परिचारिका, कधी वॉर्डातील मावशी आणि कधी खुद्द नातेवाईक अशा चार-पाच जणांच्या हातांतून जाते, आणि यांपैकी कोणत्याही एका हाती चूक होऊ शकते. म्हणून डॉक्टर कितीही हुशार असला, तरी सुरक्षितता त्या एकट्याच्या हुशारीवर उभी राहत नाही. गुणवत्ता हा याहून व्यापक शब्द आहे. योग्य उपचार वेळेत, सन्मानाने आणि परवडेल अशा रीतीने मिळणे, आणि रविवारी रात्री दोन वाजता आलेल्या रुग्णालाही तो सोमवारी सकाळी अकरा वाजता आलेल्या रुग्णाइतकाच चांगला मिळणे, एवढे सगळे त्यात येते.

हा मोठ्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांचा विषय नाही का? आमच्या पीएचसीत ना ऑपरेशन होते, ना व्हेंटिलेटर आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आरोग्यसेवा घेणाऱ्या साधारण दर दहा रुग्णांपैकी एकाला सेवा घेतानाच काहीतरी इजा होते, असुरक्षित सेवेमुळे जगभरात दरवर्षी 30 लाखांहून अधिक मृत्यू होतात आणि या इजांपैकी निम्म्याहून अधिक टाळता येण्याजोग्या असतात. म्हणूनच 2019 पासून 17 सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिन म्हणून पाळला जातो.

आपल्याकडची इजा दिसायला साधी असते, इतकाच फरक. मे महिन्यातील चंद्रपूरच्या उन्हात फ्रिजबाहेर राहिलेले, बाळंतपणातला रक्तस्राव थांबवणारे ऑक्सिटोसिन, पर्लकोटा नदीला पूर आल्यावर भामरागडच्या अलीकडे अडकलेली गर्भवती, तीव्र ॲलर्जीत लागणारे पण मुदत संपलेले ॲड्रिनॅलिन, पुढच्या रुग्णालयात पाठवतानाच्या रेफर चिठ्ठीवर न लिहिलेली वेळ यांची बातमी होत नाही. रुग्ण दगावला तर "उशिरा आणले होते" असे म्हटले जाते, आणि पुष्कळदा ते खरेही असते. पण ते खरे असल्यामुळेच त्यानंतर आत काय चुकले याचा शोध कोणी घेत नाही.

2021 साली यवतमाळ जिल्ह्यात मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. अशा चुकीबद्दल कर्मचाऱ्यांना निलंबित केले की प्रश्न मिटत नाही का?

31 जानेवारी 2021 रोजी, पल्स पोलिओ मोहिमेच्या दिवशी, पाच वर्षांखालील 12 बालकांच्या बाबतीत हे घडले. मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागले, सुदैवाने ती बरी झाली आणि संबंधित कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. कारवाई होऊ नये असे माझे म्हणणे नाही. मात्र शिक्षा त्या माणसांपुरती असते. तीच परिस्थिती पुढच्या बूथवर तशीच राहिली, तर तिथे दुसरी माणसे तीच चूक करतील.

म्हणून अशा घटनेनंतर "कोणी केले?" याआधी काही वेगळे प्रश्न विचारावे लागतात. लसीची कुपी आणि सॅनिटायझरची बाटली एकाच टेबलावर का होती? प्रत्येक कुपी उघडताना लेबल मोठ्याने वाचण्याची आणि लस उष्णतेने खराब झाली का हे दाखवणाऱ्या, कुपीवरील चौकोनाचा रंग पाहण्याची सवय बूथवर होती का? प्रशिक्षण किती वेळ झाले आणि त्यात प्रत्यक्ष कुपी हातात दिली होती का? पहिल्या बाळाला पाजल्यानंतर दुसऱ्या कोणी पाहिले असते, तर ते बोलले असते का? शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

माझ्या स्वतःच्या नोकरीतील एक प्रसंग सांगते. एका ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला नव्याने लागलेल्या परिचारिकेला इंजेक्शन पातळ करण्यासाठीच्या डिस्टिल्ड वॉटरच्या डब्यात पोटॅशियम क्लोराईडची एक अँप्युल, म्हणजे काचेची बंद कुपी, सापडली. पोटॅशियम क्लोराईड पातळ न करता थेट शिरेत गेले तर हृदय बंद पडते. अँप्युल वापरली गेली नव्हती, म्हणजे एक अनर्थ टळला होता. त्या मुलीने सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे रुग्ण सोपवताना, हे सांगितले, तेव्हा तिचे कौतुक व्हायला हवे होते. प्रत्यक्षात "डबा कोणी भरला होता, तुझ्याच पाळीत कसे सापडले?" अशी तिचीच उलटतपासणी झाली. त्यानंतर कित्येक महिने त्या वॉर्डात कोणालाही काहीही "सापडले" नाही. चुका थांबल्या नव्हत्या, त्या सांगणे थांबले होते, आणि त्या टेबलाशी मीही बसले होते व गप्प राहिले होते.

हेतुपुरस्सर केलेला निष्काळजीपणा आणि गर्दीत, थकव्यात, सारख्या दिसणाऱ्या बाटल्यांमुळे झालेली चूक यांत भेद करावा लागतो. पहिल्यासाठी शिस्तभंगाची कारवाई आहे. दुसऱ्यासाठी डबा बदलावा लागतो, कपाट बदलावे लागते, पद्धत बदलावी लागते. त्या वॉर्डात पुढे पोटॅशियम क्लोराईड वेगळ्या कुलूपबंद कप्प्यात, लाल पट्टी लावून ठेवू लागलो. त्याचा खर्च एका कुलपाचा.

औषध देतानाच्या चुका सर्वांत जास्त कुठे होतात?

माझ्या पाहण्यात तीन ठिकाणी. पहिले ठिकाण म्हणजे रुग्णाची ओळख. आपल्या भागात एकाच वॉर्डात दोन आत्राम, तीन मेश्राम किंवा दोन राठोड असणे ही रोजची गोष्ट आहे. "तुम्ही आत्रामच ना?" असे विचारले की तापाने ग्लानीत असलेला किंवा मराठी नीट न समजणारा माणूस मान डोलावतो. त्यामुळे नाव आपण सांगायचे नाही, रुग्णाला किंवा नातेवाइकाला सांगायला लावायचे आणि ते गावाच्या नावासह केसपेपरशी ताडून पाहायचे. खाटेच्या क्रमांकावरून औषध देणे तर सोडूनच द्यावे, कारण उन्हाळ्यात रुग्ण पंख्याखालची खाट मिळाली की जागा बदलतात.

दुसरे ठिकाण म्हणजे फोनवरून दिलेली तोंडी सूचना. डॉक्टर क्वार्टरमधून किंवा दुसऱ्या गावाहून मात्रा सांगतात आणि रेंज तुटत असते. अशा वेळी ऐकलेले लिहून घ्यावे, लिहिलेले परत वाचून दाखवावे आणि डॉक्टरांनी "बरोबर" म्हटल्यावरच औषध भरावे. डॉक्टर आल्यावर त्यांची सही घ्यावी. काही डॉक्टर परत वाचून दाखवल्यावर चिडतात. त्यांना चिडू द्यावे.

तिसरे ठिकाण म्हणजे मोजमाप, आणि त्यात इन्सुलिनचा मान पहिला आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या मिलिलिटरला 40 युनिट आणि 100 युनिट अशा दोन तीव्रतांच्या मिळतात आणि प्रत्येकीची सिरिंज वेगळी असते. 100 च्या कुपीतील इन्सुलिन 40 च्या सिरिंजने भरले, तर रुग्णाला अडीच पट मात्रा जाते आणि साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरते. घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनी दुकानातून सिरिंज घेताना रिकामी कुपी सोबत न्यावी.

औषधाचा दुष्परिणाम झाल्याचा संशय असेल, तर तो भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर डॉक्टर, परिचारिका किंवा रुग्ण स्वतः कळवू शकतात. हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

"सुई नाही टोचली त कायचा डॉक्टर?" असे गावातले लोक म्हणतात. सुई-सलाइन घेण्यात धोका काय?

गोळीने भागत असताना घेतलेली प्रत्येक सुई म्हणजे फायदा नसलेला धोका असतो. सुई किंवा सिरिंज पुन्हा वापरली गेली तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो, आणि चुकीच्या जागी टोचलेल्या सुईमुळे मुलांचा पाय लुळा पडल्याची उदाहरणे आहेत. "अशक्तपणा" घालवण्यासाठी चढवलेल्या सलाइनच्या बाटलीत थोडी साखर किंवा मीठ आणि बाकी पाणी असते. तोंडाने पाणी पिऊ शकणाऱ्या माणसाला ते शिरेतून देण्याने ताकद येत नाही. सुई घ्यावीच लागली तर पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावे. यात कोणाचा अपमान नाही.

साप चावल्यावर कोणत्या रुग्णालयात न्यावे, आणि तिथले उपचार दर्जेदार आहेत हे कसे ओळखावे?

या प्रश्नाला मोठे उत्तर द्यावे लागेल, कारण धानाच्या बांधीत आणि कपाशीच्या शेतात राबणाऱ्या आपल्या लोकांसाठी ही रुग्णालयाच्या तयारीची खरी परीक्षा आहे.

न्यायचे ते जवळच्या, सर्पविषरोधक लस उपलब्ध असलेल्या शासकीय रुग्णालयात. मांत्रिकाकडे थांबायचे नाही, जखम कापायची नाही, घट्ट दोरी बांधायची नाही, चावलेला अवयव न हलवता आणि रुग्णाला चालायला न लावता आणायचे. भारतात मिळणारी बहुविषरोधक लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर चालते, त्यामुळे साप मारून सोबत आणण्याची गरज नाही.

आता रुग्णालयाकडे वळू. विषामुळे रक्त गोठण्याची क्रिया बिघडली आहे का, हे पाहण्यासाठी वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी करतात. दोन मिलिलिटर ताजे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरपी करून रक्त गोठले का ते पाहायचे. चाचणी इतकी सोपी आहे की तिच्यात चूक होईल असे कोणाला वाटत नाही. पण नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाच्या पावडरीने धुतलेली असेल, तर निरोगी माणसाचे रक्तही गोठत नाही आणि गरज नसताना लस दिली जाते. नळी हलवत राहिली तरीही निष्कर्ष फसतो. मी काम केलेल्या एका ठिकाणी या नळ्या भांडी घासण्याच्या पावडरीने चकचकीत धुऊन ठेवल्या जात, आणि स्वच्छतेबद्दल त्या मावशींचे कौतुकही होत असे.

मण्यारचा दंश अनेकदा दुखत नाही आणि खूणही दिसत नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीची तक्रार करत उठतो आणि काही वेळाने त्याच्या पापण्या जड होऊ लागतात. पावसाळ्यात असा रुग्ण "ॲसिडिटी" म्हणून घरी पाठवला जाणार नाही, याची आठवण देणारा कागद ओपीडीच्या भिंतीवर असावा. सर्पविषरोधक लस शिरेतूनच द्यायची असते, मुलांची मात्रा वजनानुसार कमी केली जात नाही, आणि लस सुरू करण्यापूर्वी ॲड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून बाजूला ठेवायचे असते, कारण लसीची तीव्र ॲलर्जी उद्भवली तर हाताशी मिनिटेच असतात. श्वास कमी होऊ लागला तर फुगा, म्हणजे अंबू बॅग, कोणी आणि किती वेळ दाबायची, हे रुग्णवाहिका येण्याआधीच ठरलेले असले पाहिजे.

भारत सरकारने 2024 मध्ये सर्पदंशाविषयी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यासाठी लसीचा साठा लागेलच. काचेच्या धड नळ्याही लागतील.

बाळंतपणाच्या वेळी रुग्णालयाकडून काय अपेक्षित धरावे?

प्रसूतीगृहाचा दर्जा सुधारण्यासाठी डिसेंबर 2017 पासून "लक्ष्य" हा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. त्यातील सुरक्षित प्रसूती तपासणी सूची चार वेळा थांबून पाहायची असते : दाखल करताना, कळा देण्याच्या सुमारास, जन्मानंतर तासाभरात आणि घरी सोडताना. अनेक ठिकाणी ती सूची बाळंतीण घरी गेल्यावर एका बैठकीत भरली जाते. अशा सूचीला मी कागदाची नासाडी म्हणते.

बाळ जन्मल्यावर मिनिटाभरात मातेला ऑक्सिटोसिनची 10 युनिट स्नायूत दिली जातात, कारण प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हे मातामृत्यूचे मोठे कारण आहे. हे औषध 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. अँप्युल दिसायला जशीच्या तशी राहते, पण उष्णतेने तिचा गुण उतरतो; मग "सुई दिली तरी रक्त थांबले नाही" असे घडते आणि दोष बाईच्या नशिबावर जातो. वीज गेली तर फ्रिजचे काय, याचे उत्तर प्रत्येक प्रसूतीगृहाकडे एप्रिलच्या आधी तयार असावे.

रक्तदाब वाढून झटके येत असतील, तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊनच पुढे पाठवायचे असते. "पुढे देतील" म्हणून तो राखून ठेवणे ही गंभीर चूक आहे.

घरी गेल्यानंतरचे दिवसही यात मोजावे लागतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या "सर्च" संस्थेने गावातल्याच प्रशिक्षित महिलांकडून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला, आणि 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. आज रुग्णालयात प्रसूती झालेल्या बाळाकडे आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी येतात, त्यामागे हा अनुभव आहे. आशाताई येऊन बाळाचे वजन करत नसतील, फक्त सही घेऊन जात असतील, तर ते विचारण्याचा हक्क बाळाच्या आईला आहे.

रुग्णाला पुढे "रेफर" करतात तेव्हाच तब्येत का बिघडते?

काही वेळा बिघडते म्हणूनच रेफर केलेले असते. पण रेफर करणे म्हणजे जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात देणे, आणि देताना जी गळून पडते ती बहुधा माहिती असते. मेळघाटातून अमरावतीला किंवा अहेरीहून गडचिरोलीला, तिथून नागपूरला, असा प्रवास करणारा रुग्ण प्रत्येक मुक्कामी नव्याने "काय झालं?" या प्रश्नाला सामोरा जातो. पहिल्या ठिकाणी लसीच्या किती कुप्या दिल्या, मॅग्नेशियम किती वाजता दिले, शेवटचा रक्तदाब किती होता, यांपैकी काहीही चिठ्ठीवर नसेल, तर पुढचा डॉक्टर एकतर तेच औषध पुन्हा देतो किंवा देऊनही झाले असेल असे समजून थांबतो.

चिठ्ठीवर निदानाचा अंदाज, दिलेली औषधे मात्रा व वेळेसह, निघतानाचे रक्तदाब, नाडी आणि ऑक्सिजन, ज्ञात ॲलर्जी आणि पाठवण्याचे कारण असावे. चिठ्ठी लिहिण्यापूर्वी पुढच्या रुग्णालयाला फोन करून खाट, रक्त आणि संबंधित डॉक्टर आहेत का हे विचारावे, कारण सिझेरियनसाठी पाठवलेल्या बाईला तिथे पोहोचल्यावर "भूलतज्ज्ञ रजेवर आहेत" हे कळण्याइतकी वाईट गोष्ट दुसरी नाही. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून आहे. तिच्यातील डॉक्टरलाही ओव्हर द्यावी लागते, केवळ कागद नव्हे. पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावांतील गर्भवतींना तारखेआधी माहेरघरात, म्हणजे आरोग्य केंद्राजवळच्या राहण्याच्या सोयीत, आणून ठेवणे हीदेखील वेळेआधी केलेली रेफरच आहे, आणि ती सर्वांत सुरक्षित.

माझ्या मुलाला सिकलसेल आहे. रुग्णालयात काय लक्षात ठेवावे?

विदर्भात, विशेषतः पूर्व विदर्भात, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. 1 जुलै 2023 पासून त्यासाठी राष्ट्रीय अभियानही सुरू झाले आहे. सिकलसेलचे कार्ड प्रत्येक वेळी आधी दाखवावे, आणि ताप आला तर तो "साधा ताप" समजू न देता त्याच दिवशी तपासून घ्यावे. या रुग्णांना येणाऱ्या वेदना अत्यंत तीव्र असतात, पण बाहेरून काही दिसत नसल्यामुळे "नाटक करतो" असे बोलले जाते. हे मी स्वतः ऐकले आहे आणि सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे. वेदनाशामक देण्यास टाळाटाळ करणे हीसुद्धा असुरक्षित सेवा आहे.

रक्त चढवायचे असल्यास रुग्णाचे नाव, रक्तगट आणि पिशवीचा क्रमांक खाटेजवळच दोघांनी ताडून पाहावा. पहिली पंधरा मिनिटे परिचारिकेने जवळ थांबावे, कारण गंभीर प्रतिक्रिया बहुधा तेव्हाच दिसते. पिशवी शीतपेटीबाहेर काढल्यावर अर्ध्या तासात सुरू करावी आणि चार तासांत संपवावी. थंडी वाजणे, पाठ दुखणे, घाबरल्यासारखे होणे यांपैकी काहीही वाटले तर नातेवाइकाने लगेच ओरडून सांगावे. संकोच करू नये.

भंडाऱ्याच्या आगीनंतर नवजात कक्षात बाळ ठेवायला भीती वाटते. काय पाहावे?

9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील विशेष नवजात कक्षाला लागलेल्या आगीत 10 बाळांचा मृत्यू झाला. त्यानंतर भीती वाटणे स्वाभाविक आहे. पण कमी वजनाच्या बाळाला त्या कक्षाची गरज असेल, तर त्याला घरी नेणे अधिक धोक्याचे ठरते. नातेवाइकांनी पाहावे की कक्षात रात्रीही परिचारिका प्रत्यक्ष आत बसलेली आहे का, बाहेर पडण्याचा दुसरा दरवाजा कुलूपबंद किंवा सामानाने अडलेला नाही ना, आणि एकाच जोडणीवर अनेक यंत्रे लावलेली नाहीत ना. अग्निशामक नळकांड्यावर तपासणीची तारीख असते, ती कोणालाही वाचता येते.

एनक्यूएएस, कायाकल्प असे फलक दिसतात. ते असले म्हणजे रुग्णालय चांगले का?

राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानके (एनक्यूएएस) शासकीय रुग्णालयांसाठी 2013 मध्ये आली. बाहेरचे परीक्षक येऊन तपासतात, किमान 70 टक्के गुण लागतात आणि प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. कायाकल्प हा 2015 पासूनचा स्वच्छता आणि संसर्गनियंत्रणाचा पुरस्कार आहे. दोन्हींमुळे खूप काही सुधारले, हे मी जवळून पाहिले आहे : कचऱ्याच्या पिवळ्या, लाल, निळ्या आणि पांढऱ्या डब्यांचा अर्थ मावशींना कळू लागला, आणि प्रसूतीगृहात कोपराने उघडणारे नळ बसले.

तरीही फलक म्हणजे त्या तपासणीच्या दिवसाचा फोटो आहे. परीक्षक येणार म्हणून आठ दिवस आधी रजिस्टरे भरली जातात, कुंड्या रंगवल्या जातात. मी स्वतः अशी रजिस्टरे भरली आहेत. त्यामुळे फलकावरचे वर्ष पाहावे आणि मग हात धुण्याच्या जागी साबण आहे का ते पाहावे.

भाषेची अडचण हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे का?

होय. माडिया, गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या बाईला "जेवणानंतर दोन वेळा" हे मराठीत सांगून ती "हो" म्हणाली, तर तिला समजले असे होत नाही. तिने काय ऐकले ते तिच्याच शब्दांत, आशाताईंच्या मदतीने, परत सांगायला लावावे. ऑपरेशनच्या संमतिपत्रावर अंगठा घेण्यापूर्वी तर हे केलेच पाहिजे. मुलीला किंवा सुनेला दुभाषी करू नये. काही गोष्टी बाई तिच्यासमोर सांगत नाही.

उपचाराची कागदपत्रे मागितली तर रुग्णालय नाकारू शकते का? आणि तक्रार कोठे करावी?

वैद्यकीय व्यवसायाच्या 2002 च्या नियमावलीनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात आणि दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात. मागणी लेखी करावी, पोच घ्यावी. खासगी नर्सिंग होमने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे महाराष्ट्रात 2021 च्या सुधारित नियमांनुसार बंधनकारक आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत, त्यामुळे तिथे पैसे मागितले गेले तर तोच तक्रारीचा विषय होतो.

तक्रारीची पहिली पायरी वैद्यकीय अधिकारी किंवा अधीक्षक. त्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी जिल्हा आरोग्य अधिकारी आणि ग्रामीण रुग्णालयासाठी जिल्हा शल्यचिकित्सक. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाबद्दल महाराष्ट्र वैद्यकीय परिषद आहे. पैसे देऊन घेतलेल्या सेवेसाठी, सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालामुळे, ग्राहक आयोगाकडे जाता येते. तक्रारीत वेळ, तारीख आणि घडले ते लिहावे. विशेषणे लिहू नयेत. डॉक्टर किंवा परिचारिकेवर हात उचलणे हा 2010 च्या राज्य कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि मारहाण झालेल्या रुग्णालयात पुढचे कित्येक महिने गंभीर रुग्ण हाती घ्यायला कोणी धजावत नाही. त्याची झळ पुढच्या रुग्णांना बसते.

आम्ही रुग्ण कल्याण समितीचे सदस्य आहोत, पण आम्हाला वैद्यकीय ज्ञान नाही. सुरुवात कोठून करावी?

गाव आणि तालुका पातळीवर लोकांनी आरोग्यसेवेवर देखरेख ठेवण्याचे काम महाराष्ट्रात 2007 पासून सुरू झाले, आणि पहिल्या जिल्ह्यांत अमरावती होता. तेव्हा आपल्या भागात हे नवे नाही. बैठकीत चहा घेऊन खर्चाला मंजुरी देण्याऐवजी एखाद्या मंगळवारी दुपारी, न कळवता, परंतु अदबीने, एक फेरी मारावी. लसींच्या फ्रिजचे तापमान आज सकाळी आणि काल संध्याकाळी लिहिलेले आहे का? आकस्मिक सेवेच्या ट्रेमधील ॲड्रिनॅलिनवर कोणती मुदत छापली आहे? प्रसूतीगृहातील नळाला पाणी येते का? परिचारिकेला विचारावे की मागच्या महिन्यात थोडक्यात टळलेली एखादी चूक सांगता येईल का, आणि तिने सांगितली तर तिचे नाव बैठकीच्या इतिवृत्तात लिहू नये.

त्यानंतर ऑक्सिजनच्या सिलिंडरजवळ जाऊन तो उघडून दाखवायला सांगावे. सिलिंडर भरलेला असतो, मास्कही असतो, पण तो उघडण्याची चावी दुसऱ्या खोलीतल्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली सुटीवर गेलेल्या माणसाकडे असते. चावी सिलिंडरलाच सुतळीने बांधून घ्यावी, आणि पुढच्या फेरीत ती सुतळी सुटली तर नाही ना, हे आधी पाहावे.